आठ वाजून दहा मिनिटांचा दिवा

४ तारीख, सोमवार

प्रिय ताई,

मागच्या दाराच्या पायरीवर बसून आपण साबणाचे फुगे सोडायचो, आठवतं? आई कपडे पिळत असायची आणि बादलीतलं उरलेलं पाणी आपलं. तू फुगा सोडायचीस, मी बाबांचं स्टॉपवॉच धरायची, तेच, ज्यात वेळही दिसायची. बाबा शाळेत मुलांना पळवायचे, त्यांच्या गळ्यातलं ते घड्याळ सुट्टीच्या दिवशी आपल्याला मिळायचं. तुझा एक फुगा अकरा सेकंद टिकला होता. माझा कधी सहाच्या वर गेला नाही. तू म्हणायचीस, मी फुंकत नाही, हुकूम सोडते.

ते घड्याळ आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. म्हणून हे पत्र.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. पस्तीस वर्षांत माझं सगळं बदललं, अक्षर तेवढं बदललं नाही. नन्सनी पट्टी घेऊन लावलेलं वळण आहे, जाईल कुठे? त्यांनीच शिकवलं होतं की पत्रात आधी समोरच्याची विचारपूस करावी, आपलं रडगाणं नंतर. तर तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना डावा पाय आधी टाकतेस असं कळलं. रागावू नकोस, तुझी लेक वर्षातून एकदा मला फोन करते. तुझ्याबद्दल ती काही सांगत नाही, मी विचारते तेव्हा खोटं बोलता येत नाही एवढंच.

साहेब गेले. मागच्या महिन्यात, झोपेतच. त्यांच्या मुलीने खोका पाठवला. त्यात हे घड्याळ, एक नाणं आणि चार पानांचा एक फॉर्म होता. वर चिठ्ठी, त्यांच्याच हातची: "आता तुम्ही मोकळ्या आहात."

तुला साहेब फक्त एकदा दिसले, त्या शनिवारी, तू नोकरीला होतीस त्या वेधशाळेच्या गच्चीवर, तुझ्या वाईटावर आलेले. मला ते तीन महिने रोज दिसले. विमानतळाच्या ऑफिसात कोपऱ्यातली खोली त्यांना दिली होती आणि टायपिस्ट म्हणून मला. खोलीत दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि पाय लंगडणारी एक खुर्ची. ती खुर्ची साक्षीदारांसाठी. दरीवर रात्री दिवे दिसतात, ते कसले, शत्रूचे की आणखी कोणाचे, हे शोधून काढायला लष्कराने त्यांना पाठवलं होतं. सगळे त्यांना पाठीमागे 'चाळीसप्रश्ने' म्हणायचे, कारण त्यांच्या फॉर्मात चाळीस प्रश्न होते आणि त्यातला एकही ते सोडत नसत.

बाविसावा प्रश्न आकाराचा. साहेब साक्षीदाराच्या हातात एक नाणं द्यायचे आणि हात लांब करून धरायला लावायचे. दिवा याच्याएवढा होता का? एकही माणूस 'हो' म्हणाला नाही. सगळ्यांचा दिवा नाण्याहून मोठा. बेकरीवाले काका म्हणाले, पावाएवढा. साहेबांनी अगदी गंभीरपणे विचारलं, छोटा पाव की मोठा? काका जरा विचारात पडले आणि म्हणाले, मोठाच, पण कापलेला. मी मान खाली घालून टाइप केलं.

दारावरचा पहारेकरी म्हणाला, दिवा माझ्या मागे लागला होता. त्याआधी तुम्ही काय करत होतात, हा सतरावा प्रश्न. तो म्हणाला, पहारा. साहेब त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मग तो म्हणाला, झोपलो होतो. साहेबांनी मला सांगितलं, 'विश्रांती' असं लिहा.

ते कोणाला हसले नाहीत. माझ्या तोंडावर हसू दिसलं तेव्हा एकदाच म्हणाले, "माणूस चुकीचं बघतो, बाई. खोटं बघत नाही."

मी तुला एवढंच कळवायला लिहितेय की ते वाईट नव्हते. आईच्या कार्यानंतर तिचं सामान आणायला गेलो तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला म्हणालीस, "तिचा दिवा तू विझवलास." त्यानंतर आपण बोललो नाही. पण तू वेधशाळेतून सोडलेले फुगे मी दाखवून दिले नव्हते, ताई. ते त्यांना भांडाराच्या यादीवरून कळलं.

माझी तब्येत उत्तम. डॉक्टर उगाचच तपासण्या करत बसलेत.

तुझी,
धाकटी


९ तारीख, शनिवार

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पाच दिवस झोप लागली नाही. पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा मदरनी मला सबंध दुपार बागेतल्या बाकावर बसवलं होतं, शिक्षा म्हणून नाही, 'खरं आठवेपर्यंत' म्हणून. या वयात ते बाक मी घरातच ठेवलंय.

साहेबांना यादीवरून कळलं नाही. मला कळलं, आणि मी त्यांना सांगितलं.

तुझ्या वेधशाळेचा तिमाही हिशेब टायपिंगसाठी आमच्याकडेच यायचा, तुमच्याकडे यंत्र नव्हतं ना. फुगे किती आले, किती सोडले, किती बाद. सोडलेला प्रत्येक फुगा रात्री अकराचा, खाली कागदी कंदील, वर जाताना दुर्बिणीतून बघून वारा मोजायचा, सगळं नियमाप्रमाणे. साहेबांनी सुरुवातीलाच हे तपासून तुम्हाला वगळलं होतं. लोकांना दिवा आठ-सव्वाआठला दिसायचा, तुमचा फुगा अकराचा. मग कोण कशाला विचारणार?

पण बादच्या रकान्यात तुझ्या अक्षरात बावीस वेळा लिहिलं होतं, 'भरताना फुटला'. बावीस तारखा, सगळे बुधवार आणि शनिवार. त्याच दिवशी सकाळी मी साहेबांची दिव्यांच्या तारखांची यादी टाइप केली होती. सतरा तारखा जुळल्या. उरलेल्या पाच दिवशी ढग होते.

मला एका क्षणात सगळं समजलं, कारण त्या दवाखान्यातल्या वॉर्डाचे दिवे आठला मालवतात हे त्या ऑफिसात मला एकटीलाच माहीत होतं. दरीपलीकडे आई खिडकीशी पडलेली. भेटायला महिन्यातून एक रविवार, तोही काचेबाहेरून. आणि तू विरलेले, टाकून द्यायचे फुगे चिकटपट्टीने सांधून, त्याला कंदील बांधून, तिच्यासाठी सोडत होतीस. दिवे मालवल्यावर दहा मिनिटांनी, तिचे डोळे अंधाराला सरावले की.

इतकं सुंदर काम मी आयुष्यात दुसरं बघितलेलं नाही. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ती यादी टाइप केली, एकही अक्षर न चुकता, आणि गप्प बसले.

मग एका गुरुवारी वरून हुकूम आला. तोही मीच टाइप केला. पुढच्या वेळी दिवा दिसला की ताबडतोब विमान उठवायचं आणि पाठलाग करायचा. आपली दरी तुला माहीत आहे. दिवसाढवळ्यासुद्धा तिथे वैमानिक जपून वळायचे. त्या शनिवारी ज्याची पाळी होती तो चोवीस वर्षांचा होता आणि माझ्या टेबलावरची पेन्सिल रोज पळवायचा. पळवायचा आणि दुसऱ्या दिवशी टोक काढून परत आणायचा.

शुक्रवारी मी तुझ्याकडे आले. तू गच्चीवर कंदिलाचा कागद चिकटवत होतीस, दोन्ही हात खळीने भरलेले. मी म्हणाले, ताई, आता थांब. तू विचारलंस, का? मी गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. विमानाचं नाव काढलं तर नोकरी जातेच, वर तुरुंगही. मी म्हणाले, नियमात बसत नाही. तू वरसुद्धा बघितलं नाहीस. "आईचे दिवस किती उरलेत? तेवढे दिवे."

मी घरी आले. मी भित्री होते, ताई. तुला खरं कारण सांगण्याएवढं धैर्य नव्हतं आणि त्या मुलाला विमानात बसू देण्याएवढंही नव्हतं. शनिवारी सकाळी साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, तो दिवा मला माहीत आहे.

त्यांनी मला लंगड्या खुर्चीत बसवलं, हातात फॉर्म दिला आणि स्वतः माझ्या यंत्राकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. मी चाळीसही प्रश्न भरले. नाणंसुद्धा हात लांब करून धरलं. शेवटचा प्रश्न असतो, 'आपल्या मते ते काय होते?' तिथे मी लिहिलं, 'माझी बहीण'.

त्यांनी ते वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं, फायलीत नाही. फोन उचलून म्हणाले, कारणाचा धागा मिळालाय, तपास पुरा होईपर्यंत विमान उठवू नका. संध्याकाळी ते वेधशाळेत आले ते तुला नुसतं सांगायला आले होते. त्यांच्याआधी तुमचे मुख्य गच्चीवर पोचलेले असतील हे त्यांना माहीत नव्हतं. लष्कराची गाडी चढणीला लागलेली बघून मुख्य धावतच वर आले असणार. अर्धा भरलेला फुगा, तुझ्या हातात बाबांचं घड्याळ, आणि पुढचं तुला माहीत आहे. मुख्य ते घड्याळ सरकारजमा करायला निघाले तेव्हा पुरावा म्हणून साहेबांनी ते मागून घेतलं. तुला वाटलं, हिसकावलं.

तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. हे वाक्य लिहायला मला पस्तीस वर्षं लागली.

तुझी,
धाकटी


१५ तारीख, शुक्रवार

प्रिय ताई,

उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. पण आता पुढचं न सांगता थांबले तर मागचं सांगून उपयोग नाही.

तू राजीनामा दिल्यावर सोमवारी साहेब ऑफिसात आले, टोपी काढली, आणि मला एक प्रश्न विचारला. तो फॉर्मात नव्हता. "तुमच्या आईंची खिडकी कोणत्या बाजूला आहे?"

मी म्हणाले, दरीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, डावीकडून चौथी.

त्यांनी मला एक पत्र टाइप करायला सांगितलं. नागरिकांना दिसलेले दिवे विमानतळाच्या टॉवरवरील सिग्नलचा दिवा असू शकतात का, हे तपासण्यासाठी रोज ठराविक वेळी प्रयोग करणे आवश्यक आहे. वेळ, रात्री आठ वाजून दहा मिनिटे. दिशा, दवाखान्याची. सोबत नोंदीसाठी टायपिस्ट. वरून दुसऱ्या दिवशी मंजुरी येणार होती, पण त्यांनी पहिला प्रयोग त्याच संध्याकाळी केला. तपासाला उशीर नको, म्हणाले.

तो दिवा तू पाहिला नसशील. मोठ्या टॉर्चसारखा, खांद्याला लावून धरायचा. रेडिओ बंद पडला तर विमानाला खुणा करायला असतो. जड होता. टॉवरवाला म्हणाला, बाईंना झेपणार नाही. साहेब म्हणाले, बाईंनाच झेपेल. दोन्ही कोपर कठड्यावर टेकून मी नेम धरला. साहेब शेजारी तुझं घड्याळ घेऊन उभे. ते म्हणायचे, आता, मी खटका दाबायची. दहा सेकंद उजेड, दहा सेकंद अंधार, पुन्हा दहा सेकंद उजेड. अकरावा सेकंद मी एकदाच जास्त धरला, तुझ्या फुग्यासाठी.

नऊ संध्याकाळ. सोमवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत. बुधवारी पहाटे आई गेली.

ताई, तिची खिडकी अंधारी नव्हती. हेच सांगायचं होतं. बाकी सगळं पत्र म्हणजे या वाक्यापर्यंत यायची पायवाट.

व्हरांड्यात ते बोलून तू तशीच निघून गेलीस. वॉर्डातल्या सिस्टर तुला शोधत आल्या होत्या, त्यांना मीच भेटले. त्या म्हणाल्या, तुमच्या आईचा शेवटचा आठवडा फार सुखात गेला. शनिवारी दिवा आला नाही तेव्हा आई म्हणाली होती, थोरलीला सर्दी झाली असेल. सोमवारी आला तेव्हा उठून बसली. दिवा मोठा, खालच्या अंगाने येतोय आणि रोज येतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईला बोलावून दाखवलं. "माझ्या थोरलीला बढती मिळाली. बघा, केवढा दिवा दिलाय तिला."

तू घरी बसली होतीस तेव्हा. हसू की रडू ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि आता जे कोणालाच सांगितलं नाही ते. पाचव्या संध्याकाळी मला वाटलं, एकदा तरी तिला कळावं की ही मी आहे. मी दोनच्या ऐवजी तीनदा दिवा लावला. साहेबांनी घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. सिस्टर सांगत होत्या, त्या रात्री आई म्हणाली, थोरली आज खुशीत दिसतेय.

त्यानंतर मी पुन्हा दोनदाच लावला. आई तुझ्याकडे बघत गेली, मी फक्त खटका दाबत होते. सुरुवातीला मला ते लागलं. आता वाटतं, माझ्या आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं काम तेच. तुझ्या नावाने नऊ दिवस मी तिची काळजी घेऊ शकले. ते नाव तू बावीस संध्याकाळ कमावून ठेवलं नसतंस तर माझ्या दिव्याला कोणी ओळखलं असतं का? तो नुसता एक दिवा राहिला असता, चाळीस प्रश्नांचा.

बेकरीवाले काका मात्र हादरले. धावत आले. दिवा आता रोज येतो, आणि आकाशातून नाही, खालून. साहेबांनी शांतपणे नवा फॉर्म घेतला, स्वतःच पाडलेल्या उजेडाबद्दल त्यांना चाळीसच्या चाळीस प्रश्न विचारले, हातात नाणं दिलं. काकांनी खिशातून आपलं मोठं नाणं काढलं. म्हणाले, तुमचं पुरायचं नाही. साहेबांनी तेही नोंदवलं.

शेवटच्या अहवालात त्यांनी लिहिलं, 'प्रयोगांती निश्चित निष्कर्ष काढता आला नाही.' त्यांच्या नोकरीत एवढं एकच प्रकरण उघडं राहिलं. वरिष्ठ त्यावरून त्यांना पुढे कायम टोमणे मारत. हे बाहेर फुटलं असतं तर त्यांची पेन्शन गेली असती आणि मुलगी तेव्हा शाळेत होती. मी शब्द दिला होता, ते असेपर्यंत बोलणार नाही.

पण शब्द हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं म्हणजे राग. व्हरांड्यातलं तुझं वाक्य मी विसरले नव्हते आणि मला वाटायचं, बसू दे तिला तशीच. पहिली पाच-सात वर्षं राग होता, नंतर त्याची सवय झाली. तुला त्या अंधाऱ्या खिडकीसोबत मी पस्तीस वर्षं राहू दिलं. साहेबांना दिलेल्या शब्दामागे लपून. माफी मागायची तर ती याची.

तुझी,
धाकटी


२१ तारीख, गुरुवार

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने हातात दिलं आणि मी दारातच उभी राहून वाचलं, वाचायला होतं काय म्हणा. दोन शब्द. 'नक्की आठ-दहाला?'

हो. नक्की आठ-दहाला. नऊच्या नऊ दिवस. बाबांच्याच घड्याळावर, आणि ते दिवसाला चार सेकंद मागे पडतं हे मी साहेबांना सांगितलं होतं, म्हणून ते रोज दुपारी रेडिओवर लावून घ्यायचे. एकही दिवस चुकला नाही. ढग होते त्या रविवारीसुद्धा लावला, आणि सिस्टर म्हणाल्या, काचेवर उजेड पडला होता.

कार्डाच्या कोपऱ्यात खळीचा डाग आहे. अजून कागद चिकटवतेस वाटतं.

आता व्यवहाराचं. मागे लिहिलं की तब्येत उत्तम आहे, तेही खोटंच. हृदयाची एक झडप बदलायची आहे. सत्तावीस तारखेला, तुझ्याच शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टर हसरा आहे, शिंगं मोडून वासरात शिरल्यासारखा नर्सांबरोबर थट्टा करतो. म्हणाला, बाई, शंभरात पंचाण्णव जण चालत घरी जातात. मी उरलेल्या पाचांचं विचारलं नाही. पण कॉन्व्हेंटची मुलगी बॅग आणि हिशेब नीट लावल्याशिवाय प्रवासाला निघत नाही. तर माझ्या मागे, किंवा त्याआधीच, जमेल तसं:

टाइपरायटर तुझ्या लेकीला. 'र' अडकतो, जरा वरून दाबावा लागतो. तिला सांग, खोटं न बोलल्याबद्दल आभारी आहे.

पेन्सिलींचा पत्र्याचा डबा त्या वैमानिकाला. पत्ता डब्याच्या झाकणात आहे. त्याला दोन नाती आहेत, दर नव्या वर्षाला तो मला कार्ड पाठवतो. एका शनिवारी आपण का उडालो नाही हे त्याला कधीच कळलं नाही. सांगू नकोस. पेन्सिली बघून मला ओळखेल.

नाणं बेकरीवाल्या काकांच्या मुलीला. काका जाऊन वीस वर्षं झाली, बेकरी तीच चालवते. गावाने त्यांना शेवटपर्यंत 'दिवेवाले' म्हणून चिडवलं. तिला तेवढं सांग, तुझ्या वडिलांनी खरंच पाहिलं होतं, दोन्ही वेळा. हे तू सांगितलंस तर जास्त बरं, पहिला दिवा तुझा होता.

पुस्तकं कॉन्व्हेंटच्या वाचनालयाला. साहेबांच्या मुलीला माझी शाल, निळी. तिचे वडील टॉवरवर माझ्यासाठी स्वतःचा कोट काढून कठड्यावर घालायचे, कोपरं सोलू नयेत म्हणून. हे तिला माहीत नसेल.

फॉर्म तुला. या पाकिटातच आहे. पहिली एकोणचाळीस उत्तरं वाचलीस नाहीस तरी चालेल.

ताई, तुझे आभार कसे मानायचे मला कळत नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत मला उपयोगी पडता आलं ते तू वाट पाडून ठेवली होतीस म्हणून. एवढं आयुष्य झालं, त्यात त्या नऊ संध्याकाळी आहेत म्हणून मी घाबरलेली नाही. थोडीशीच आहे.

घड्याळही तुझंच. पण ते पोस्टाने पाठवायला जीव होत नाही, काच नाजूक झालीय. ते मी हॉस्पिटलात बरोबर आणतेय. तुला तिथूनच घ्यावं लागेल. गुडघा दुखत असेल तर वर येऊ नकोस, लेकीला पाठव. खोली चौथ्या मजल्यावर, खिडकी रस्त्याच्या बाजूला, बसथांब्याच्या बरोबर समोर. मी सव्वीसला संध्याकाळी दाखल होईन.

वॉर्डातले दिवे आठला मालवतात. मी विचारून घेतलंय.

तुझी,
धाकटी